मावसभावाचा कॅमेरा, भावाची हळद आणि मेनूतली सेटिंग्ज

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मावसभावाचा वापरलेला कॅनन 1500डी तुम्ही घेतलात, सोबतची 18-55 लेन्स आहे, महिनाभरावर अमळनेरला धाकट्या भावाचं लग्न आहे आणि हळदीचे फोटो तुम्हालाच काढायचे आहेत. मेनू उघडला की पानांमागून पानं येतात. व्हिडिओ बघून बरंच काही बदलून पाहिलंत, तरी संध्याकाळी घरातले फोटो पिवळे आणि हललेले येतात, दुपारी अंगणातले पांढरेफटक. "मेनूत बरोबर सेटिंग कोणती, तेवढं सांगा," असं तुम्ही म्हणता.

पिवळा, हललेला आणि पांढराफटक ही तीन वेगळी दुखणी आहेत. पिवळ्याचं औषध मेनूत आहे. हललेल्याचं अर्धं मेनूत आणि अर्धं वरच्या डायलवर आहे. पांढऱ्याफटकचं एका बटणावर आहे. मेनूतल्या बाकीच्या बहुतेक ओळी एकदा लावायच्या आणि विसरून जायच्या.

मी धुळ्यात बावीस वर्षं लग्नांचे फोटो काढतो. सुरुवात रोलवर केली. तेव्हा मेनू नव्हता. रोल 100चा घालायचा की 400चा एवढं दुकानात ठरायचं आणि 36 फोटो संपेपर्यंत तेच चालवायचं. डिजिटल कॅमेरा हातात आला तेव्हा मीही प्रत्येक ओळ उघडून बघायचो. पुढे एक कसोटी हाताला लागली, तिनं सगळं सोपं केलं: ही गोष्ट चुकली तर घरी येऊन सुधारता येईल का? फोटो हलला, तर जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर तो नीट स्थिर करून देत नाही. चेहऱ्यावरचा उजेड फाटून कोरा पांढरा झाला, तर तिथं परत कातडी आणता येत नाही. फोटो थोडा काळपट आला, तर बऱ्यापैकी उजळता येतो. रंग चुकला, तर तो सुधारणार की नाही हे फाइल कोणती ठेवलीत त्यावर आहे. न सुधारणाऱ्या गोष्टींची काळजी आधी घ्यायची, बाकीच्या मागून.

पहिलं काम: मेनूत 'क्लिअर सेटिंग्ज' आहे, तिथून कॅमेऱ्याची सगळी सेटिंग्ज कोरी करा. कस्टम फंक्शनही कोरी करा. वापरलेल्या कॅमेऱ्यात आधीच्या माणसाच्या सवयी बसलेल्या असतात. त्यानं रंग वाढवून ठेवलेला असतो, फोटोची साइज लहान केलेली असते, आणि आपण मात्र लेन्सला दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलीत, की व्हिडिओत दाखवतात ते ऑप्शन माझ्या मेनूत नाहीतच. वरचा डायल बघा. तो हिरव्या ऑटोवर असेल. त्या मोडमध्ये कॅमेरा मेनूची निम्मी पानं लपवून ठेवतो. डायल 'पी'वर आणलात की सगळी पानं दिसतील. मॅन्युअल किंवा व्हिडिओ शोधताना आणखी एक लक्षात ठेवा: तुमचाच कॅमेरा युरोपात 2000डी आणि अमेरिकेत रिबेल टी7 या नावानं विकला गेला. त्या नावांनी शोधलंत तरी चालतं, आतली पानं तीच आहेत.

आता फाइल. साइज सर्वांत मोठी आणि दर्जा 'फाइन', यात तडजोड करू नका. या कॅमेऱ्याचा पूर्ण फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. आपल्याकडच्या 12 बाय 36च्या अल्बममध्ये एक फोटो अर्ध्या शीटवर, म्हणजे 18 इंच रुंद घेतला, तरी इंचाला 333 पिक्सेल मिळतात आणि छपाई स्वच्छ येते. कार्डात जागा वाचवायला लहान साइज ठेवलीत तर हा मोठा फोटो लॅबवाला कुठून आणणार? ही चूक मागून सुधारत नाही.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा फोटो, ठेवायची का, हे मात्र तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. घरात चालता लॅपटॉप असेल आणि लग्नानंतर दोन-चार संध्याकाळी बसायची तयारी असेल, तर रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, या कॅमेऱ्याच्या 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. म्हणूनच रॉमधला पिवळा रंग काढता येतो आणि जेपेगमधला ओढताना चेहरा मातकट होतो. रॉ उघडायला कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विकत काही घ्यावं लागत नाही. दोन्ही मिळून एका फोटोला साधारण पस्तीस एमबी लागतात, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात आठशेच्या आसपास फोटो बसतील. हळदीला तेवढे खूप झाले. लॅपटॉप नसेल, फोटो थेट मोबाइलवर आणि लॅबला जाणार असतील, तर नुसतं जेपेग ठेवा. मग पुढचा रंगाचा भाग जास्त मन लावून वाचा, कारण तुम्हाला मागून सुधारायची सोय राहणार नाही.

रंगाचं, म्हणजे व्हाइट बॅलन्सचं, सविस्तर सांगतो, कारण हळदीला सगळ्यात जास्त फोटो इथंच बिघडतात. ऑटो व्हाइट बॅलन्स समोरच्या दृश्याच्या रंगावरून अंदाज करतो की उजेड पिवळा आहे की निळा. संध्याकाळी जुन्या बल्बखाली तो उजेडाचा पिवळेपणा पुरता काढत नाही, म्हणून तुमचे घरातले फोटो पिवळे येतात. हळदीत नेमकं उलट होतं. समोर हळद, झेंडूची तोरणं, पिवळ्या साड्या, मांडवाचं पिवळं कापड. कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळं निळ्याकडे ढकलतो. हळद फिकी पडते आणि नवरदेव आजारी दिसतो. त्यात दोन फोटोंमध्ये एखादी मावशी लाल साडी नेसून आत आली की अंदाज परत बदलतो. एकाच पाटावरचे दहा फोटो दहा रंगांचे होतात.

यावर खात्रीचा उपाय आहे कस्टम व्हाइट बॅलन्स. नवरदेव बसणार त्या पाटावर एक पांढरी वस्तू धरा, तिच्यावर तोच उजेड पडू द्या, चौकटीचा मधला भाग तिनं भरून टाका आणि फोटो काढा. फोकस धरत नसेल तर लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर घ्या, ती धूसर आली तरी चालते. मग मेनूत 'कस्टम व्हाइट बॅलन्स'मध्ये जाऊन तोच फोटो निवडा, आणि व्हाइट बॅलन्सच्या चिन्हांमधून कस्टमचं चिन्ह लावा. हे शेवटचं पाऊल बरेच जण विसरतात, आणि मग काहीच बदललं नाही म्हणतात. मी कित्येक मांडवांत यासाठी आजोबांची टोपी मागून घेतली आहे. कोणीही आनंदानं देतं. फक्त टोपीला नीळ जास्त दिलेली असेल तर कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करतो आणि चेहरे किंचित पिवळसर येतात. अशा वेळी साधा कोरा कागद घ्या.

कापडी मांडवाखाली दुपारी हेच करा. लाल-पिवळ्या कापडातून गाळून येणारा उजेड कापडाचाच रंग घेऊन येतो, तो डोळ्यांना जाणवत नाही पण फोटोत दिसतो. केळीच्या बागेत फोटो काढतानाही तसंच, पानांखाली चेहरे हिरवट पडतात. पण एका बाजूनं कापडाचा लाल उजेड आणि दुसऱ्या बाजूनं मोकळ्या आभाळाचा निळा उजेड असा अर्धा-अर्धा चेहरा असेल, तर कोणतंही सेटिंग दोन्ही बाजू नीट करू शकत नाही. तिथं मी सरळ पाट हलवायला सांगतो: ओट्याच्या कडेला, तोंड मोकळ्या बाजूला. घरचेच आहात, तुमचं ऐकतील.

आणि जागा बदलली, वेळ बदलली, की व्हाइट बॅलन्स बदलायचाच. बऱ्याच वर्षांपूर्वी चोपड्याच्या एका लग्नात रात्री मी 'बल्ब'चं चिन्ह लावलं होतं. सकाळी उन्हात तसंच राहिलं, आणि मी तेव्हा फक्त जेपेग ठेवायचो. घरच्यांना फोटो दाखवले तर आजी म्हणाल्या, "भाऊ, नवरदेव निया काबर दिखस?" खरंच, नवरदेव, नवरी, भटजी सगळे निळे. तीन रात्री बसून जमेल तेवढं सुधारलं, पण त्या लग्नातला शालूचा खरा लाल मला शेवटपर्यंत मिळाला नाही. तेव्हापासून जागा बदलली की पहिला फोटो मी पांढऱ्या वस्तूचा काढतो.

आता हललेले फोटो. घरात उजेड कमी, म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात माणूस हलतो. लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण असेल तर ते चालू असू द्या, पण ते तुमच्या हाताचा कंप थांबवतं, हळद लावणाऱ्या काकूंचा हात नाही. हळदीसाठी डायल 'टीव्ही' असं लिहिलेल्या मोडवर घ्या आणि शटर 1/100 ठेवा. 1/125 का नाही, तर आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी माळा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. 1/100मध्ये अशी एक पूर्ण फेरी बसते, म्हणून प्रत्येक फोटोत उजेड सारखा येतो. शटर जसजसं याहून जलद कराल तसे कधी उजळ, कधी काळपट, कधी आडवे पट्टे असलेले फोटो मिळतात. व्हिडिओ काढणार असाल तर याच कारणासाठी मेनूत व्हिडिओ सिस्टिम 'पाल' ठेवा, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम मिळतात, आणि शटर 1/50. वरातीत नाचणाऱ्यांसाठी मात्र 1/100 पुरत नाही. तिथं 1/200 घ्या आणि थोडे फोटो वाया जातील हे धरून चला.

शटर बांधून टाकलंत की उजेडाची उणीव आयएसओनं, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता वाढवून, भरायची. तो ऑटोवर ठेवा आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा 3200 करा. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत 800च्या वर जाऊ नका असं सांगितलंय. तो सल्ला उन्हातल्या फोटोंना ठीक आहे. घरातल्या हळदीला तो पाळलात तर स्वच्छ पण काळेकुट्ट फोटो हाती येतील. 3200ला दाणे दिसतात, ते खरं आहे. पण ते कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून बघणाऱ्याला दिसतात, अल्बमच्या पानावर फारसे दिसत नाहीत. 3200लाही उजेड पुरला नाही तर 'टीव्ही'त फोटो काळपट येईल, हलणार नाही, आणि काळपट आपण मागून उजळू शकतो. सगळीकडे मी ही एकच कसोटी लावतो.

मेनूबाहेरचीही एक गोष्ट इथं कामाची आहे. तुमची लेन्स 18ला एफ 3.5 उघडते आणि 55पर्यंत झूम केली की एफ 5.6. एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. एवढ्यात उजेड निम्म्याहूनही कमी होतो. लांब उभं राहून झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढं जाऊन 24-28च्या आसपास फोटो काढा. अगदी 18ला जाऊन चेहऱ्याजवळ नका जाऊ, नाक मोठं दिसतं.

आतापर्यंतचं मनात एकदा लावून घ्या: सेटिंग्ज कोरी, मोठी फाइल, पाटावर कस्टम व्हाइट बॅलन्स, 'टीव्ही'वर 1/100, आयएसओ ऑटो 3200पर्यंत. दुपारी अंगणात डायल परत 'पी'वर आणा.

दुपारच्या पांढऱ्याफटक फोटोंचं कारण कॅमेऱ्याच्या स्वभावात आहे. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी असणार असं धरून तो उजेड मोजतो. दर मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास मी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो. पांढरा घोडा चौकटीत भरला की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. काळा घोडा आला की त्याला उजळून मळका करतो. तुमच्या अंगणात मागं सावलीतली काळपट भिंत आणि पुढं उन्हातली माणसं असणार. कॅमेरा भिंतीकडे बघून उजेड वाढवतो आणि चेहरे फाटतात. पाठीमागचं 'एव्ही' आणि अधिक-उणेचं बटण दाबून धरा, चाक फिरवा, काटा उण्याकडे दोन-तीन घरं न्या. पांढऱ्या घोड्याला मी उलट अधिककडे दोन-तीन घरं नेतो. काम झालं की काटा शून्यावर आणायचा.

किती न्यायचं ते स्क्रीनवरच्या फोटोवरून ठरवू नका. एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हात स्क्रीनवर सगळंच काळं दिसतं, आणि रात्री तीच स्क्रीन सगळं उजळ दाखवते. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख. ढीग उजव्या भिंतीला चिकटलेला असेल तर उजेड कमी करा. आणि मेनूत हिस्टोग्राम 'आरजीबी' करून ठेवा, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दिसतात. हळद आणि झेंडू यांत लाल रंगाचा हिस्सा फार मोठा असतो, तो आधी फाटतो. नुसत्या ब्राइटनेसच्या हिस्टोग्राममध्ये सगळं ठीक दिसत असतं आणि फोटोत हळदीचा नुसता सपाट पिवळा गोळा येतो, तिचा ओला खडबडीतपणा निघून जातो. याच कारणासाठी पिक्चर स्टाइल 'स्टँडर्ड' ठेवा आणि रंगाची मात्रा वाढवू नका.

फोकस. कारखान्यातून कॅमेरा 9 पैकी कोणताही बिंदू स्वतः निवडतो, आणि बहुतेक वेळा जवळची वस्तू धरतो. मग नवरदेवाऐवजी पुढं लटकलेलं झेंडूचं तोरण स्पष्ट येतं. मधला एकच बिंदू निवडा, पद्धत 'वन शॉट' ठेवा, बिंदू डोळ्यावर ठेवून बटण अर्धं दाबा, चौकट नीट करा आणि पूर्ण दाबा. वरातीतला घोडा अंगावर येत असेल तर 'एआय सर्वो', त्यात फोकस हलत्या वस्तूमागं सतत फिरतो. 'एआय फोकस' नावाचा मधला प्रकार मी कोणालाच सुचवत नाही, तो कधी कुठं उडी मारेल सांगता येत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळंच धूसर दिसत असेल तर शेजारचं छोटं चाक फिरवून पाहा. ते तुमच्या चष्म्याच्या नंबराशी जुळवायला असतं आणि मावसभावाच्या डोळ्यांना जुळलेलं असणार.

उरलेलं भराभर सांगतो. कलर स्पेस 'एसआरजीबी'. दुसरी ठेवलीत तर मोबाइलवर आणि लॅबमध्ये रंग फिके दिसतात. फाइलचे नंबर सलग चालू ठेवा, नाहीतर कॉपी करताना जुन्या फोटोंवर नवे बसतात. 'कार्डाशिवाय शटर' बंद. बीप बंद, विधी चालू असताना ती कानाला बोचते. रेड-आयचा दिवा बंद, कारण तो आधी पेटतो, लोकांना वाटतं फोटो निघाला, आणि खरा फोटो निघेपर्यंत मान वळलेली असते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. हाय आयएसओचं 'स्टँडर्ड', त्याहून वाढवलंत तर चेहरे मेणाचे दिसतात. तारीख आणि वेळ मोबाइलशी मिनिटापर्यंत जुळवा. तुमचे फोटो आणि लग्नातल्या फोटोग्राफरचे फोटो एकत्र लावताना सगळी मदार त्या वेळेवर असते, नाहीतर अल्बममध्ये हळदीच्या आधी वरात येते.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी, माळा लागल्या की, घरातल्या एखाद्या पोराला पाटावर बसवून हे सगळं एकदा करून पाहा. तासाभराचं काम आहे. त्याच माळा, तीच भिंत, तोच पाट, म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्हाला फक्त व्हाइट बॅलन्स एकदा तपासायचा राहील, आणि तुम्हीही चार बोटं हळद भावाला लावू शकाल.

शेवटी तुम्ही 50 एमएम एफ 1.8 लेन्स घेऊ का असं विचारलंय. तुमच्या झूमच्या 55च्या टोकापेक्षा ती जवळजवळ दहापट उजेड घेते, घरातल्या फोटोंना तिच्यासारखी दुसरी स्वस्त लेन्स नाही. पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती 80 एमएमसारखी दिसते, आणि माणसांनी भरलेल्या खोलीत मागं सरकायला जागा लागते. शिवाय एफ 1.8ला फोकस इतका पातळ असतो की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येऊ शकतो. याला महिनाभराचा हात लागतो. लग्नाआधी कोणाची दोन दिवसांसाठी मिळाली तर घरात वापरून पाहा, एफ 2.8च्या खाली जाऊ नका. विकत घ्यायची ती लग्नानंतर घ्या. आत्ता त्या पैशांत एक जास्तीची बॅटरी आणि दुसरं कार्ड घ्या.